नेटवर्कची वायर आणि पोटातला गोळा

आमच्याकडचे किस्से कोणी ठरवून गोळा केलेले नाहीत. माणूस भिंत मोजायला जातो, चहा होतो, वायर कुठून न्यायची यावर घरातल्या चार माणसांची पाच मतं पडतात, आणि परत येताना टेपबरोबर एखादा किस्साही पिशवीत येऊन पडलेला असतो.

बुलढाण्यात आमचं छोटं दुकान आहे. घरी किंवा ऑफिसात वायरीनं इंटरनेट फिरवून द्यायचं, हे काम. आम्ही दोघं भागीदार. मी वैशाली, खामगावला डिप्लोमा केलेली. आणि प्रकाशभाऊ, वीस वर्षं केबल टीव्हीच्या तारा ओढून या धंद्यात आलेले. ज्ञान माझ्याकडे आहे असं लोक समजतात. खरं ते त्यांच्या बोटांत आहे.

माझ्याकडे काय आहे? भीती! गिऱ्हाईक विचारतं, "ताई, कोणती वायर घेऊ? किती पोर्टचा स्विच घेऊ?" मी शांतपणे उत्तर देते, आणि घरी आल्यावर दोन दिवस पोटात गोळा. चुकीचं तर सांगितलं नाही ना? कारण चुकीची वायर त्या दिवशी काही बोलत नाही. ती नंतर बोलते.

*

पहिल्या वर्षीची गोष्ट. मेहकरला स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी एक अभ्यासिका उघडत होती. वीस टेबलं, प्रत्येक टेबलाला वायरीचा एक पॉइंट. आम्ही चार दिवस खपून सगळी वायर ओढली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मांडववाले खांब रोवत होते.

प्रकाशभाऊंनी उरलेला एक तुकडा उचलला आणि सहज ब्लेडनं आतली तार खरवडली. त्यांचा चेहरा उतरला. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरं! अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा. बंडलवाल्यानं शुद्ध तांबं म्हणून गळ्यात मारलं होतं, आणि उघडून तपासायचं मला सुचलं नव्हतं. अशी वायर नवी असताना छान चालते. मग एखाद्या वाकणावर आत तुटते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आम्ही दोघं जिन्यात बसलो.

मी हळूच म्हणाले, "भाऊ, चालू तर आहे ना सगळं?"

"चालू आहे," ते म्हणाले. "पण मले आता कळलं आहे ना."

झालं. उठलो आणि अभ्यासिकेचे मालक, खरात सर, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो. मी सुरुवात केली, "सर, एक चूक झाली. वायर वरून तांब्याची दिसते, पण आतून पांढरी निघाली. चांदीसारखी..."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "चांदी? अरे वा! मंग तं चांगलंच झालं ना!"

त्यांना समजवायला अर्धा तास लागला. उद्घाटनानंतर आम्ही सगळी वायर काढून दुसरी ओढून दिली. पण सर शेवटपर्यंत हळहळत होते. अजूनही कुठं भेटले की म्हणतात, "एवढी चांदीची वायर काढून टाकली बाई तुम्ही!"

*

देऊळघाटचे एक निवृत्त गुरुजी. मुलगी परदेशात शिकायला गेलेली. तिच्याशी बोलताना मधेच चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा. वरच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. गुरुजींनी ठरवलं, वायर न्यायची. पण कोणत्या नंबरची? नंबर जितका मोठा, तितकी वायर वेगाची.

तीन महिने त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. वहीत तक्ता केला. आमच्याकडे आले ते डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन!

"कॅट फाइव्ह, कॅट सिक्स, कॅट सेव्हन, कॅट एट. एक माणूस म्हणते, आठच घ्या, पुढची चिंता नको. ताई, मले झोप नाही. पोरगी तिकडे एकटी. वायर कमी पडली अन् तिचा महत्त्वाचा फोन तुटला तं?"

मी म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरात खालून वर जास्तीत जास्त वीस मीटर. कॅट सिक्स लावा. तुमचं कनेक्शन दुप्पट, चौपट वाढलं तरी ती पुरेल. आठ नंबरची वायर तुमच्या घरात काही जास्तीचं करणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले. वही मिटली.

"म्हणजे सहावी पास झालं तरी भागते?"

"भागते, गुरुजी."

"बत्तीस वर्षं पोराईले मी उलटं सांगत आलो!"

*

चिखलीचा किस्सा सांगते. तिथं विद्यार्थ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक केंद्र आहे. सावळे सर चालवतात. सहा कॉम्प्युटर, एक स्विच. स्विच म्हणजे लाइटचं बटण नव्हे. इंटरनेटची एक वायर आत घेऊन तिचे आठ फाटे करून देणारा डबा. तो डबा मीच निवडून दिला होता. साधा, स्वस्तातला. माझं मत होतं, सहा कॉम्प्युटरांना याहून जास्त काय लागतं!

प्रवेशाचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि सकाळी साडेदहाला सरांचा फोन. "वैशालीताई, सगळं बंद आहे. सहाच्या सहा. दारात चाळीस पोरं आहेत. काहीही करा, पण या!"

बुलढाणा ते चिखली अंतर ते किती! पण त्या दिवशी रस्ता संपेना. पोचले तर रांग रस्त्यापर्यंत. एक मुलगी पायरीवर बसून रडत होती, तिची आई तिला पदरानं वारा घालत होती. पाच वाजता साइट बंद होणार. रांगेतलं प्रत्येक जण माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होतं. पिशवीत काय असणार? टेस्टर आणि पक्कड!

स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. बंद करून चालू केला. दोन मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. इंटरनेट देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडून सुरळीत आहे. कॉम्प्युटर एकेक करून तपासले. बारा वाजले. माझा घाम मानेवरून खाली जात होता. सावळे सर दारात जाऊन पुन्हा पुन्हा रांग मोजून येत होते.

मग मी टेबलाखाली शिरले आणि एकेक वायर हातानं चाचपत गेले. एक वायर स्विचमधून निघाली, टेबलाला वळसा घालून आली, आणि त्याच स्विचमध्ये परत गेली! दोन्ही टोकं एकाच डब्यात. म्हणजे आतली माहिती गोल गोल फिरत राहते, वाढत जाते, आणि सगळ्यांचा गळा आवळते. थोडा बरा स्विच असता तर हे ओळखून त्यानं ती वायर स्वतःच बंद पाडली असती. मी घेतलेला स्विच तेवढा हुशार नव्हता.

टोक उपसलं. सहाच्या सहा कॉम्प्युटर चालू! बाहेर पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी पायरीवरून उठली.

"हे टोक कोणी लावलं?" सरांनी विचारलं.

झाडझूड करणाऱ्या शांतामावशी पुढं आल्या. मुळीच घाबरलेल्या नव्हत्या. "म्या लावलं. सकाळी झाडू मारताना खाली लोंबून राह्यलं होतं. वरतं एक भोक रिकामं दिसलं, लावून देलं."

"अहो मावशी, विचारायचं तरी!"

मावशींनी कमरेला हात लावले. "लावायचं नव्हतं तं भोक काऊन ठेवलं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी टेस्टर पिशवीत भरला.

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही. आज निघालाच आहे म्हणून.

दुसरबीडला खत-बियाण्यांचं एक दुकान. अंगणापलीकडे त्यांचं गोदाम. दुकानातलं इंटरनेट गोदामात न्यायचं होतं. ऐंशी मीटर. तांब्याची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, हे पुस्तकातलं मला पाठ. मी खांबावरून उघड्यावरून वायर नेली आणि खूष झाले.

मे महिन्यात वादळ आलं. वीज जवळच कुठंतरी पडली. दुकानाचे मालक, भास्करराव, त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. "ताई, तुमचा डबा जळाला. गोदामातला कॉम्प्युटर जळाला. भिंतीवर काळा पट्टा पडलाय."

"कोणी होतं का तिथं?"

"स्नेहा होती." स्नेहा म्हणजे त्यांची मुलगी, बारावीतली. "आईनं गच्चीवरचे पापड काढायला हाक मारली म्हणून उठली. उठते न उठते तोच कडाडलं. खुर्ची तशीच आहे."

मी फोन ठेवला आणि रॅकवरचं दुसरं बंडल खाली काढलं.

दोन इमारतींच्या मधे, उघड्यावरून जाताना काचेची वायर टाकायची. फायबर. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. हेही मला माहीत होतं. अंतर बसतंय म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काचेची वायर घेऊन गेलो. स्नेहानं चहा आणून दिला. भास्कररावांची आई ओसरीवर बसली होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे काचेचं असतं हे तुला आधी ठाऊक होतं का, बाई?"

"होतं, आजी."

"मग आधी का नाही सांगितलं?"

चहा तसाच निवला. प्रकाशभाऊ खांबावर चढून बसले होते. तिथूनच त्यांनी वायरीचं टोक मागितलं.

*

मोताळ्याच्या रस्त्यावर एक मक्याचं गोदाम आहे. तिथं आम्ही आठ कॅमेरे लावले. कॅमेऱ्याला इंटरनेटच्या वायरीतूनच वीज देणारा स्विच असतो, तो घेतला. आठ कॅमेरे, डब्याला आठ पोर्ट, म्हणजे आठ भोकं. हिशेब सरळ!

आठवड्यात शेठजींचा फोन. "रोज दिवेलागणीला सात आणि आठ नंबरचा कॅमेरा बंद पडते. सकाळी आपोआप चालू. कोणीतरी बंद करून राह्यलं, मॅडम. अन् तिथं संध्याकाळी एकच माणूस असते."

तो माणूस म्हणजे सुपडाजी. साठीचे, पंधरा वर्षांपासून गोदामाची राखण करणारे. शेठजींनी त्यांना सोमवारपासून येऊ नका असं सांगायचं ठरवलंच होतं. फक्त माझ्याकडून एकदा खात्री करून हवी होती.

शनिवारी दुपारी चारला गेले. वायरी तपासल्या, टोकं तपासली. सगळं ठीक. मग संध्याकाळची वाट बघत बसले. सुपडाजींनी मला बाज दिली आणि स्वतः समोर पोत्यावर बसले. कॅमेऱ्यांपासून लांब. दोन्ही हात गुडघ्यांवर, पंजे वर करून.

"बाई, पाह्यत राहजा. हात अठीच आहेत."

"सुपडाजी, तसं काही नाही हो..."

"नाही, पाह्यजा तुमी."

दीड तास ते तसेच बसले. तंबाखू मळायलासुद्धा हात हलवला नाही. मी मोबाइलवर आठही कॅमेरे उघडून बसले होते. मनात एकच, देवा, यांनी उठू नये. पाणी प्यायलासुद्धा उठू नये.

अंधारून आलं. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यांच्या आत लाल ठिपके पेटतात, तसे एकेक पेटायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. सहावा पेटला, आणि सात, आठ झपकन् बंद!

सुपडाजींचे हात गुडघ्यांवरच होते.

मी बाजेवरून अशी उठले की बाज कलंडली! ते लाल ठिपके वीज जास्त खातात. स्विचला भोकं आठ, पण रात्रीची ताकद सहा कॅमेऱ्यांची. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी भोकं मोजली होती, ताकद मोजली नव्हती.

शेठजींना तिथंच बोलावून घेतलं आणि सुपडाजींसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. मी स्विच लहान निवडला. यांचा काही संबंध नाही."

शेठजी सुपडाजींकडे वळले. मग म्हणाले, "सुपडाजी, तुमी आठ दिवस एक शब्द बोलले नाही! 'म्या नाही केलं' एवढं तरी म्हणायचं."

सुपडाजी पोत्यावरून सावकाश उठले. पाय आखडले होते.

"कसं म्हणू, शेठजी? मले बी वाटू लागलं होतं, का मीच बंद करतो अन् मले याद राह्यत नाही."

*

आता संग्रामपूरकडचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या छातीत धडधडणार नाही: शेवटी सगळं ठीक झालं. इंजेक्शन वेळेत लागलं, अ‍ॅम्ब्युलन्सनं अकोल्याला नेलं, आणि आज प्रकाशभाऊ माझ्यासमोर बसून 'माझं नाव नीट लिहिजो' म्हणून सांगतायत.

तिथं डॉक्टर मॅडमचा दहा खाटांचा दवाखाना आहे. एक्स-रेच्या खोलीच्या जाड भिंतीमुळे खालच्या मजल्यावर वायफाय पोचत नव्हतं. पेशंटचा हृदयाचा कागद, ईसीजी, अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांना ताबडतोब दिसावा म्हणून वरून खाली वायर आणायचं काम होतं. इंटरनेट वर आलेलं होतं. खाली येणारी वायर एकच, तिच्यावरच तळमजल्याचं सगळं चालणार होतं. जुनं सगळं आम्ही सकाळीच काढून टाकलं होतं. वायर ओढून झाली होती, टोकाला कनेक्टर बसवायचा तेवढा राहिला होता. मोबाइलचा टॉवर सकाळपासून बंद.

प्रकाशभाऊ शिडीवर होते. खाली उतरले आणि शिडीलाच धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा. घामानं शर्ट ओला.

"वैशाली, डाव्या हाताले कसं तरीच होऊन राह्यलं."

दवाखान्यातच होतो, म्हणून नशीब! दोन मिनिटांत ते खाटेवर, छातीला मशीन. कागद बाहेर आला. मॅडमनी गोळी चघळायला दिली आणि कागद दोनदा बघितला. "अटॅकच दिसतोय. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन माझ्याकडे आहे. पण यांना चार महिन्यांपूर्वी अल्सरचं रक्त गेलंय म्हणतात. सरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही. मला अकोला लावून द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात वायर.

कॉम्प्युटर उचलून वर न्यावा, किंवा मोबाइल घेऊन वर वायफायपाशी पळावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. अशा वेळी येत नाही.

वायरीच्या टोकात वेगवेगळ्या रंगांच्या आठ बारीक तारा असतात. ठरलेल्या क्रमानं ओळीत लावायच्या आणि कनेक्टरमध्ये घालून दाबायच्या. दहा वर्षांत हजारो वेळा केलंय. डोळे मिटून करते. त्या दिवशी आठ तारा हातात धरल्या आणि क्रम गेला! डोकं कोरं. तारा हातातून सुटत होत्या. अंदाजानं लावून दाबलं. टेस्टर लावला. चुकलं! कापलं. पुन्हा तारा सोलल्या. वायर आधीच बेताची राहिली होती. अजून एकदा चुकले असते तर टोक कॉम्प्युटरपर्यंत पोचलंच नसतं.

मी रडायला लागले, हे कबूल करते.

तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"व्हाइट-ऑरेंज."

मॅडम म्हणाल्या, "बोलू नका, शांत पडा."

"व्हाइट-ऑरेंज. ऑरेंज." भाऊंचे डोळे मिटलेले होते. "लाव ना बे. व्हाइट-ग्रीन. मंग ब्लू."

मी लावत गेले. ते श्वास घ्यायला थांबायचे, मीही थांबायचे.

"व्हाइट-ब्लू. ग्रीन." मग काहीच नाही. मी वर बघितलं. ओठ हलत होते. "व्हाइट-ब्राऊन. ब्राऊन. आता दाब."

दाबलं. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं पेटले. वायर कॉम्प्युटरमागे खोचली. पडद्यावर अकोल्याचे सर दिसले, त्यांच्यासमोर भाऊंचा कागद उमटला. सरांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "द्या इंजेक्शन, थांबू नका." मॅडमनी सुई भरली.

पण भाऊ थांबले नव्हते. डोळे मिटूनच पहिल्यापासून चालू: व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन...

सर पडद्यावर पुढं झुकले. "मॅडम, पेशंट बरळतोय का? भान आहे ना त्याला?"

भाऊंनी एक डोळा उघडला आणि मान जराशी पडद्याकडे वळवली.

"सर, माहा आवाज तुमच्यापर्यंत साफ येऊन राह्यला ना?"

"येतोय."

"मंग पोरीनं बरोबर लावली."